हर्रासातील आवाज आणि यंत्रमानवाचे कान

बाजार समितीच्या आवारात धान्याचा हर्रास चालू असताना जे ऐकू येते त्यास एक आवाज म्हणावे की अनेक, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटेल. परंतु ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने तो मोठा मार्मिक आहे. खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकर यांपैकी कोणत्याही बाजारात तुरीच्या ढिगाभोवती खरेदीदारांचे कडे पडते, बोली पुकारणारा मध्ये उभा असतो, आणि दोघेतिघे एकाच क्षणी आपापला भाव उच्चारतात. बाजूस हमालांची हाकाहाक आणि मागे मालगाड्यांचा घरघराट चालूच असतो. एवढ्या गलक्यातून कोणी काय बोलले हे ध्यानात घेऊन अखेरचा भाव वहीत उतरविणारा कारकून एक असामान्य कर्म करीत असतो, याची जाणीव त्याला स्वतःलाही नसते. हेच कर्म यंत्रमानवाकडून करवून घ्यावयाचे झाल्यास कोणत्या अडचणी उभ्या राहतात, त्यांपैकी कोणत्यांचा परिहार झालेला आहे आणि कोणत्या अद्याप शिल्लक आहेत, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

हर्रासाचे उदाहरण केवळ सोयीसाठी घेतलेले नाही. वऱ्हाडातील उघड बाजाराची परंपरा जुनी आहे. जलंबहून खामगावास जाणारा लोहमार्गाचा फाटा १८७० साली कापसासाठी उघडण्यात आला, आणि १८९७ साली वऱ्हाडाकरिता कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे महाराष्ट्र राज्यात १९६३ च्या अधिनियमाने बाजार समित्यांची व्यवस्था सर्वत्र एकरूप केली. १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषि बाजाराची इलेक्ट्रॉनिक योजना सुरू झाली. तीत बोली पडद्यावर नोंदली जाते, व तेथे प्रस्तुत प्रश्न उद्भवत नाही. परंतु सर्व बाजारांतील सर्व माल त्या मार्गाने जातो असे नाही. जेथे बोली तोंडी आहे तेथे भावाचा एकमेव पुरावा म्हणजे क्षणभर उमटून विरून जाणारा आवाज होय, आणि त्या आवाजावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरते.

प्रथम मिश्रणाचे स्वरूप पाहू. दोन व्यक्ती एकाच वेळी बोलत असता हवेतील दाबाचे जे चढउतार होतात त्यांची बेरीज होते, व ध्वनिग्राहकाच्या पडद्यावर प्रत्येक क्षणी एकच संख्या उमटते. कोणी ‘पंधरा’ एवढेच सांगून ते कोणत्या दोन संख्यांची बेरीज आहे असे विचारले, तर उत्तर देता येणार नाही. सात आणि आठ, किंवा बारा आणि तीन, सारखेच संभवनीय. एका ध्वनिग्राहकापुढे हाच पेच दर क्षणाला, म्हणजे सेकंदास सोळा हजार वेळा, उभा राहतो. अर्थात बाहेरून काही अधिक ज्ञान आणल्याखेरीज विभाजन अशक्य होय. ते ज्ञान तीन ठिकाणांहून येऊ शकते: बोलणाऱ्यांच्या स्थानांवरून, आवाजांच्या संख्याशास्त्रीय स्वभावावरून, किंवा मनुष्यवाणी कशी असते याच्या पूर्वपरिचयावरून. या क्षेत्रातील बहुतेक पद्धती या तिहींपैकी एकाचा किंवा अधिकांचा आश्रय करतात.

माणूस हे कसे साधतो, याचा पद्धतशीर शोध कॉलिन चेरी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून सुरू झाला. त्यांनी श्रोत्याच्या दोन कानांत दोन भिन्न निवेदने सोडली व एका कानातील शब्द मागोमाग उच्चारावयास सांगितले. श्रोत्यांना ते सहज जमले. दुसऱ्या कानातील निवेदनाविषयी मात्र त्यांना जवळजवळ काहीच सांगता आले नाही. मध्येच इंग्रजीऐवजी जर्मन भाषा सुरू झाली तरी ते बहुधा लक्षात आले नाही. पुरुषाच्या आवाजाऐवजी स्त्रीचा आवाज आला किंवा शुद्ध स्वर वाजला, एवढे मात्र कळले. या निष्कर्षाचा एक अर्थ सहसा दुर्लक्षित राहतो. माणसाचे कौशल्य हे एक आवाज निवडून इतरांचा त्याग करण्याचे आहे. सर्व आवाज एकदम ऐकण्याचे नव्हे. हर्रासातील कारकूनही वस्तुतः पुकारणाऱ्याच्या पुनरुच्चारावर विसंबून असतो. दोन खरेदीदारांपैकी प्रथम कोण बोलला, असा वाद निघाला तर त्याच्या स्मरणात उत्तर नसते. यंत्राकडून आपण जे मागत आहोत ते मनुष्याच्या शक्तीचे अनुकरण नसून तिच्या पलीकडचे काही आहे. जपानमध्ये राजपुत्र शोतोकु यास दहा जणांची गाऱ्हाणी एकाच वेळी ऐकून समजत असत अशी आख्यायिका आहे. यंत्रमानवाच्या श्रवणावर संशोधन करणाऱ्या जपानी विद्वानांनी तिचा आदर्श म्हणून उल्लेख करावा, हे स्वाभाविकच होय.

हे संशोधन २००० सालाच्या सुमारास नाकादाई, ओकुनो व कितानो यांनी ‘सिग’ नावाच्या यंत्रमानवावर आरंभिले. तत्पूर्वी यंत्रमानवाशी बोलावयाचे तर बोलणाऱ्याने बहुधा तोंडाजवळ ध्वनिग्राहक धरावा लागे. या संशोधकांचा मुख्य विचार असा की, ऐकणे ही निष्क्रिय क्रिया नसून यंत्राने मान वळवून, जागा बदलून आवाजाचा मागोवा घेतला पाहिजे. परंतु मान वळविताच तिच्यातील मोटारीचा आवाज कानांजवळ घुमू लागतो. म्हणून त्यांनी सिगच्या कवचाबाहेर दोन आणि कवचाच्या आत दोन ध्वनिग्राहक बसविले. आतल्यांनी स्वतःचा आवाज ओळखावा व बाहेरच्यांनी जगाचा ऐकावा अशी ही योजना होती. याच परंपरेतून २००८ साली ‘हार्क’ ही संगणकीय प्रणाली सर्वांस खुली करण्यात आली. तिच्यात आवाजाची दिशा ठरविणे, आवाज वेगळे करणे आणि वेगळे झालेले बोलणे ओळखणे अशा तीन पायऱ्या एकामागून एक येतात. हाताने कागद, दगड, कात्री दाखविण्याचा जो खेळ मुले खेळतात तो तोंडी खेळवून, खेळाडूंनी एकदमच उच्चारलेले शब्द ओळखणारा यंत्रमानव-पंच त्यांनी करून दाखविला. हर्रासाशी याचे साम्य उघड आहे.

दिशा कशी कळते? दोन ध्वनिग्राहक एकमेकांपासून २० सेंटिमीटरांवर ठेवले आणि बोलणारा समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर उभा असला, तर एका ग्राहकापर्यंत पोचण्यास ध्वनीला दुसऱ्यापेक्षा १० सेंटिमीटर अधिक जावे लागते. ध्वनीचा वेग सेकंदास ३५० मीटर धरल्यास हा विलंब सेकंदाच्या दहा हजारांश भागांपैकी सुमारे तीन भाग भरतो. सेकंदास १६,००० नमुने घेणाऱ्या यंत्राच्या भाषेत साधारण साडेचार नमुने. एवढ्यावरून कोन काढता येतो. पण येथे एक स्थानिक बाब विचारात घ्यावी लागते, जिचा उल्लेख शीत कटिबंधातील ग्रंथांत क्वचितच आढळतो. ध्वनीचा वेग तपमानानुसार बदलतो. हिवाळ्यातील सकाळी १५ अंश सेल्सियसला तो ३४० मीटर, तर मे महिन्यातील दुपारी ४३ अंशांना सुमारे ३५७ मीटर असतो. यंत्राचे मापन हिवाळ्यात करून त्यातच बदल न करता ते उन्हाळ्यात वापरले, तर ६० अंशांवर उभा असलेला खरेदीदार त्याला ५५ ते ५६ अंशांवर भासेल. तीन मीटर अंतरावर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांमध्ये कोनाचे अंतर साडेनऊ अंशांच्या आसपास असते. म्हणजे चूक या अंतराच्या जवळजवळ निम्मी झाली. यंत्रात साधा तपमापक बसविल्याने हा दोष निघून जातो. परंतु तो बसविण्याचे सुचले पाहिजे.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. ध्वनिग्राहकांतील अंतर तरंगलांबीच्या निम्म्याहून अधिक झाले की एकाच कालभेदाला अनेक दिशा जुळू लागतात. २० सेंटिमीटर अंतरास ही मर्यादा ८७५ कंपनांवर येते, आणि बोलण्यातील बहुतेक व्यंजनांची ओळख तर याच्या वरच्या पट्ट्यात असते. अंतर ४ सेंटिमीटरांपर्यंत कमी केल्यास मर्यादा ४,३७५ कंपनांपर्यंत जाते. पण मग खालच्या पट्ट्यात दोन्ही ग्राहकांना जवळजवळ एकच ऐकू येते. म्हणूनच यंत्रमानवाच्या डोक्याभोवती आठ किंवा अधिक ध्वनिग्राहक बसवून लहानमोठी अंतरे एकत्र साधण्याची प्रथा पडली. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे एका अनपेक्षित ठिकाणी तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आता विभाजनाकडे वळू. दिशा मुळीच ठाऊक नसतानाही दोन ग्राहकांवरील दोन मिश्रणांतून दोन आवाज वेगळे काढता येतात, हे जुतां व एरो यांनी १९८०च्या दशकात दाखविले. कोमाँ यांनी १९९४ साली त्याची गणिती बैठक सिद्ध केली, आणि बेल व सेज्नोव्स्की यांनी १९९५ साली त्यास सुटसुटीत रूप दिले. ‘स्वतंत्र घटक विश्लेषण’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिचे मर्म एका परिचित प्रमेयात आहे. अनेक स्वतंत्र राशींची बेरीज केली असता तिचे वितरण घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राकडे झुकते. म्हणून मिश्रण हे मूळ आवाजांपेक्षा अधिक ‘प्रसामान्य’ असते. मनुष्यवाणीचे वितरण तर प्रसामान्यापासून फारच दूर आहे. तिच्यात शांततेचे व मंद स्वराचे क्षण पुष्कळ आणि अधूनमधून उंच उसळ्या असतात. तेव्हा मिश्रणांची अशी भारित बेरीज शोधावी की जिचे वितरण प्रसामान्यापासून जास्तीत जास्त दूर असेल. तीच मूळ आवाज होय. सर्व आवाज प्रसामान्य असते तर हा मार्ग बंदच झाला असता. मनुष्याच्या बोलण्यातील विरामांनी व उसळ्यांनीच त्याचे विभाजन शक्य केले आहे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास नेहमी विस्मयकारक वाटत आली आहे.

या पद्धतीने आवाज वेगळे होतात, पण कोणता कोणाचा हे कळत नाही. बंदिस्त प्रयोगशाळेत ही संदिग्धता किरकोळ समजता येईल. पत्र्याच्या छपराखाली मात्र प्रत्येक आवाज छपरावरून, भिंतीवरून व फरशीवरून परावर्तित होऊन अनेक वेळा येतो. निनाद ०.४ सेकंद टिकला तर सोळा हजार नमुन्यांच्या हिशेबाने मिश्रणाचे गुणांक ६,४०० पर्यंत लांबतात. यावर तोडगा म्हणून ध्वनीचे निरनिराळ्या कंपनसंख्यांचे पट्टे पाडून प्रत्येकात स्वतंत्रपणे विभाजन करतात. पण मग प्रत्येक पट्ट्यात आवाजांचा क्रम निराळा लागू शकतो, आणि एका खरेदीदाराच्या खालच्या पट्ट्यांना दुसऱ्याचे वरचे पट्टे चिकटून असा एक तिसराच माणूस तयार होतो, जो बाजारात आलेलाच नव्हता! हार्क प्रणालीत या ठिकाणी भूमितीची मदत घेतात: जे पट्टे एकाच दिशेकडून आले ते एकाच मुखातून आले असे धरतात. ही युक्ती बहुतांशी यशस्वी होते. ध्वनिग्राहकांची संख्या आवाजांहून कमी नसावी, ही अट मात्र राहतेच.

ती अट शिथिल करणारा मार्ग यिल्माझ व रिकार्ड यांनी २००४ साली मांडला. बोलण्याचा ध्वनिपट काढून पाहिल्यास त्यातील बहुतेक जागा रिकामी दिसते; एका क्षणी एका पट्ट्यात दोघेही प्रबळ असणे हे अपवादात्मक होय. म्हणून प्रत्येक बारीक कप्पा ज्याचा असेल त्याला देऊन टाकावा, आणि मग दोन ग्राहकांवरही तिघाचौघांचे आवाज वेगळे होऊ शकतात. दोष इतकाच की जेथे दोघे खरोखरच एकमेकांवर आले तेथे एकाचा तुकडा कायमचा जातो. अशा भोके पडलेल्या वाणीस ओळखण्यासाठी कूक, ग्रीन व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली सुचविलेला उपाय असा: जे कप्पे विश्वसनीय नाहीत त्यांवर तशी खूण करावी व ओळखताना त्यांचा हिशेबच धरू नये. वॉरन यांनी १९७० साली दाखविलेच होते की, शब्दातील एक वर्ण काढून तेथे खोकल्याचा आवाज घातला तरी श्रोत्यास शब्द अखंड ऐकू येतो. येथे यंत्राने माणसाचा कित्ता गिरविला आहे.

२०१६ नंतर या विषयाचे रूप पालटले. हर्शी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चेताजालास मिश्रणे व त्यांतील मूळ आवाज यांच्या असंख्य जोड्या दाखवून, एकाच ध्वनिग्राहकावरील दोन अनोळखी व्यक्तींचे बोलणे वेगळे करावयास शिकविले. २०१९ साली लुओ व मेसगारानी यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने त्याहून स्पष्ट फल दिले. या कार्याचे महत्त्व मोठे आहे, आणि तरीही येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ज्या मिश्रणांवर ही जाले शिकविली व पारखली गेली ती मुख्यतः निःशब्द खोलीत मोठ्याने वाचलेल्या इंग्रजी वृत्तपत्रीय मजकुराची, संगणकावर बेरीज करून बनविलेली आहेत. त्यांत निनाद नाही, हमाल नाहीत, समोरच्याच्या बोलीवर चढ करण्याची ईर्ष्या नाही. चुरशीच्या वेळी माणूस स्वर चढवितो, आणि दोघांचे स्वर एकाच उंचीवर येतात. नेमके त्याच क्षणी आवाज वेगळे करणे सर्वांत कठीण असते. अशा जालाचे प्रयोगशाळेतील गुण घेऊन खामगावच्या बाजाराविषयी भविष्य वर्तविणे धाडसाचे होईल.

मराठीच्या दृष्टीने या प्रश्नाचे आणखी एक अंग आहे, आणि लेखकाच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. हर्रासात उच्चारले जाणारे शब्द मुख्यतः संख्यावाचक असतात. मराठीत एकपासून शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येस स्वतंत्र नाम आहे, व त्यांतील काही जोड्या एकाच वर्णाने भिन्न होतात. ‘बासष्ट’ आणि ‘पासष्ट’ घ्या. दोहोंत फरक केवळ आरंभीच्या ब आणि प यांचा. आणि या दोन वर्णांत फरक केवळ घोषाचा. ब उच्चारताना ओठ मिटलेले असतानाच कंठातील तंतू कंप पावू लागतात व एक मंद, खालच्या स्वराचा गुंजारव बाहेर येतो; प मध्ये तेथे शांतता असते. हा गुंजारव साधारण १०० ते २०० कंपनांच्या पट्ट्यात असतो. आता मागचा मुद्दा आठवावा. ४ सेंटिमीटर अंतरावरील दोन ग्राहकांत ३० अंशांवरून येणाऱ्या २,००० कंपनांच्या ध्वनीचा कलाभेद सुमारे ४१ अंश भरतो. १५० कंपनांच्या ध्वनीचा केवळ ३ अंश. म्हणजे ज्या पट्ट्यात ब आणि प यांचा निवाडा व्हावयाचा त्याच पट्ट्यात यंत्राची दिशा ओळखण्याची शक्ती सर्वांत क्षीण आहे. शेजारच्या माणसाच्या स्वराचा खालचा भाग आणि मालगाडीचा घरघराटही तेथेच येऊन पडतो. प मधील शांतता दुसऱ्याच्या स्वराने भरून निघाली की ‘पासष्ट’चे ‘बासष्ट’ होते. बोली शेकड्यांत असल्याने हा फरक क्विंटलमागे ३०० रुपयांचा आहे. वीस क्विंटल तूर घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे या एका वर्णात ६,००० रुपये जातात.

यावर असे सुचविता येईल की यंत्राने संदर्भाचा उपयोग करावा. बोली चढत जाते. एकसष्टशे पन्नासनंतर बासष्टशे येणे पासष्टशेपेक्षा अधिक संभवनीय. हा तर्क बिनचूक आहे, आणि म्हणूनच धोक्याचा. एखाद्या खरेदीदाराने खरोखरच मोठी उडी घेतली तर संभाव्यतेवर भिस्त ठेवणारे यंत्र ती उडी अमान्य करून लहान आकडा लिहील. ज्या एका क्षणी शेतकऱ्याचा लाभ व्हावयाचा, त्याच क्षणी यंत्राचा पूर्वग्रह त्याच्या आड येईल. येथे यंत्राने संशय आल्यास विचारावे, अंदाज करू नये, असा नियम घालणे इष्ट होय.

बोलीभाषेचा विचार तर अजून बाकीच आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची दखल घेतलेली आहे. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालची व घाटावरची बोली एकसारखी नाही. एकीकडे खानदेशाचा, तर दुसरीकडे मराठवाड्याचा शेजार आहे. वऱ्हाडीत ‘मला’चे ‘मले’ होते, आणि ळ च्या जागी य येतो: डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. याच प्रवृत्तीने ‘सोळा’ हा आकडा ‘सोया’ होतो. सोयाबीनच्या ढिगापुढे उभ्या असलेल्या यंत्राने याचा काय बोध घ्यावा, हे प्रमाण मराठीवर शिकविलेल्या यंत्रास विचारून उपयोग नाही. या दिशेने काही काम झाले आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शेतमालाचे भाव दूरध्वनीवर मराठीतून विचारता यावेत यासाठी निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे उच्चार गोळा केले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पात मराठीसह नऊ भाषांतील बोलींचे, शेती व अर्थव्यवहार या विषयांवरील ध्वनिमुद्रण करण्यात आले. ही मुद्रणे एका वेळी एका व्यक्तीची आहेत, व भाव विचारणाऱ्यास पुन्हा विचारता येते. हर्रासात कोणी थांबत नाही. एकमेकांवर आलेल्या वऱ्हाडी बोलण्याचा संग्रह ही वेगळीच वस्तू असून ती कोणीतरी बसून तयार करावी लागेल.

तो कसा करावा याची रूपरेषा अवघड नाही. बाजार समितीची व बोलणाऱ्यांची लेखी संमती घेऊन प्रत्येक खरेदीदाराच्या गळपट्टीस एक लहान ध्वनिग्राहक लावावा, म्हणजे खरे कोण काय बोलला याची निर्विवाद नोंद राहील. आणि त्याच वेळी मध्यभागी आठ ग्राहकांचे कडे ठेवून मिश्रण टिपावे. तपमान दर तासास लिहावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची व फेब्रुवारीच्या सुमारास तुरीची आवक असते. दोन्ही हंगामांत, आणि घाटाखालच्या व घाटावरच्या किमान एकेका बाजारात मुद्रण व्हावे. भावाची गुप्तता हा नाजूक विषय असल्याने व्यापाऱ्यांची नावे संग्रहात येऊ नयेत. त्यांना केवळ क्रमांक द्यावेत. फल मोजताना रूढ पद्धतीप्रमाणे एकूण शब्दांपैकी किती चुकले, किंवा विभाजन किती डेसिबेलांनी सुधारले, एवढेच पाहून भागणार नाही. शंभरात पाच शब्द चुकणारे यंत्र उत्तम ठरेल, आणि ते पाचही शब्द आकडे असतील. म्हणून एक कोष्टक करावे, ज्यात उच्चारलेला आकडा व ऐकलेला आकडा समोरासमोर मांडलेले असतील, आणि आकडा बरोबर असूनही तो भलत्याच खरेदीदाराच्या नावे लागला असेल तर तीही चूकच धरावी. या कोष्टकातील बासष्ट व पासष्ट यांच्या छेदावरील चौकट प्रथम वाचावी.